भाऊ मस्कतला निघालाय, तिकडे भारत सरकार त्याच्यासाठी नेमकं काय करेल?

दापोली तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचा धाकटा भाऊ एसी मेकॅनिक म्हणून मस्कतला निघालाय. दहावी पास आहे, आयटीआय झालंय. एजंट म्हणतो, आधी व्हिजिट व्हिसावर जाऊ दे, महिन्याभरात कंपनी व्हिसा बदलून देईल, आणि काही अडचण आलीच तर आपला दूतावास आहे ना. ताईंनी विचारलंय की टीव्हीवर प्रवासी भारतीयांचे मोठे सोहळे दिसतात, पण सरकार परदेशातल्या साध्या कामगारासाठी खरंच काही करतं का? आणि तो तिकडून मत देऊ शकेल का?

ताई, सरकार करतं. आणि लोकांना वाटतं त्याहून बरंच जास्त करतं. मी बरीच वर्षं आखातातल्या एका भारतीय दूतावासाच्या कामगार विभागात होतो. आता रत्नागिरी जिल्ह्यात परदेशी जाणाऱ्यांची कागदपत्रं बघून देतो. या कामात मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. माणूस तिकडे अडकल्यावर सरकार त्याच्यासाठी किती करू शकेल, हे तो इथून निघण्याआधीच बरंचसं ठरलेलं असतं. म्हणून एजंटच्या त्या वाक्याची मला काळजी वाटते. दूतावास आहे हे खरंच. पण व्हिजिट व्हिसावर गेलेल्या माणसाच्या बाबतीत दूतावासाच्या हातात फार थोडं उरतं.

आधी पासपोर्टचं बघू. आपल्याकडे परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीचा कायदा १९८३ चा आहे. नव्या कायद्याचे मसुदे २०१९, २०२१ आणि २०२५ मध्ये लोकांपुढे ठेवले गेले, पण मी हे लिहितोय तेव्हा कारभार त्या जुन्या कायद्यावरच चालू आहे. त्यानुसार दहावी न झालेल्या माणसाचा पासपोर्ट साधारणपणे ईसीआर असतो. म्हणजे सहाही आखाती देश, मलेशिया, इराक, जॉर्डन अशा एकूण १८ देशांत कामाला जायचं तर आधी ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. आपल्याकडे सगळे तिला पीओई क्लिअरन्स म्हणतात. ही मंजुरी ‘ई-मायग्रेट’ या सरकारी प्रणालीतून मिळते. तिथे परदेशातली कंपनी नोंदलेली असते, एजंट नोंदलेला असतो, पगार, काम, राहण्याची सोय हे सगळं लिहिलेला करार चढवलेला असतो. पुढे भांडण झालं की दूतावासातला माणूस संगणकावर तोच करार उघडतो आणि कंपनीला विचारतो, तुम्ही हे कबूल केलं होतंत ना?

तुमचा भाऊ दहावी पास, म्हणजे त्याचा पासपोर्ट या अटीतून मोकळा. त्याला कुणाची मंजुरी लागत नाही. घरच्यांना ही सोय वाटते, आणि प्रवासाच्या दृष्टीने ती आहेही. पण याचा दुसरा अर्थ असा की तो कोणत्या कंपनीत, किती पगारावर, कोणत्या एजंटमार्फत गेला याची सरकारदरबारी कुठेच नोंद राहत नाही. शिकलेल्या माणसाला फसवणार कोण, असं हा कायदा करताना वाटलं असावं. आज दहावी-बारावी आणि आयटीआय झालेली मुलंच सर्वांत जास्त फसताना मी बघतो. सरकारच्याही हे लक्षात आलं होतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं की १ जानेवारी २०१९ पासून या १८ देशांत कामाला जाणाऱ्या मोकळ्या पासपोर्टवाल्यांनीही नोंदणी केलीच पाहिजे. त्यावर आखातातून इतकी ओरड झाली की तो निर्णय बाजूला ठेवावा लागला. विमानतळावर अडवतील ही लोकांची भीती खोटी नव्हती. तरीही ती नोंदणी सोपी करून टिकवायला हवी होती, असं मला आजही वाटतं.

आता व्हिजिट व्हिसा. त्यावर काम करणं आखातात कुठेही बेकायदाच. कंपनीने व्हिसा बदलला नाही, तर भाऊ तिथल्या कायद्याच्या नजरेत कामगार नसतोच. मग पगार बुडाला तर कामगार खात्यात तक्रार कशाच्या आधारावर करणार? आमच्याकडे मंडणगडच्या बाजूचा एक गवंडी आला होता. परांचीवरून पडून कंबर मोडलेली. कंपनीने सरळ हात वर केले की हा आमचा माणूसच नाही, साइटवर कसा आला ठाऊक नाही. त्याच्याकडे ना करार होता, ना त्या देशाचं ओळखपत्र. सोबतच्या कामगारांनी सगळं बघितलं होतं, पण कंपनीविरुद्ध उभं राहून स्वतःचा व्हिसा धोक्यात घालायला कुणी धजावलं नाही, आणि त्यांना दोष देता येत नाही. आम्ही त्याचा दवाखाना बघितला, तिकीट काढून त्याला घरी पाठवला. भरपाई मात्र एक पैसा मिळवून देऊ शकलो नाही.

हाच खेळ आता आखाताबाहेर जास्त भयानक झालाय. थायलंडला ‘डेटा एंट्री’ची नोकरी म्हणून पर्यटक व्हिसावर नेलेली मुलं म्यानमारच्या सीमेवर म्यावाडीच्या बाजूला डांबून ठेवली गेली, आणि त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीचं काम करवून घेतलं गेलं. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत अशा ५४९ जणांना परत आणलं. ही बहुतेक शिकलेली, संगणक येणारी, मोकळ्या पासपोर्टची पोरं. निघताना त्यांची कुठेच नोंद नव्हती.

दूतावास काय करू शकतो हे नीट समजून घ्या, कारण इथे लोकांच्या अपेक्षा एकतर फार मोठ्या असतात नाहीतर काहीच नसतात. दूतावास परक्या देशातल्या पोलिसांना हुकूम देऊ शकत नाही, कोर्टाचा निकाल फिरवू शकत नाही, कंपनीकडून जबरदस्तीने पगार वसूल करू शकत नाही. तो कंपनीला बोलावून घेऊ शकतो, तिथल्या कामगार खात्यात माणसाबरोबर जाऊ शकतो, वकील आणि दुभाषा देऊ शकतो, आसरा देऊ शकतो. पासपोर्ट हरवला किंवा मालकाने दाबून ठेवला तर परतीच्या एका प्रवासापुरतं आपत्कालीन प्रमाणपत्र देऊ शकतो. पासपोर्टबद्दल एक लक्षात ठेवा. आपल्या १९६७ च्या कायद्यानुसार पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. कफिलाला, म्हणजे व्हिसा देणाऱ्या तिथल्या मालकाला, तो ताब्यात ठेवण्याचा अधिकार नाही. तरी ठेवतात, आणि कामगारही मुकाट्याने देतात. भावाला सांगा, द्यावाच लागला तर निदान सगळ्या पानांचे फोटो आधी तुम्हाला पाठवून ठेव.

अटक झाली तर १९६३ चा व्हिएन्ना करार कामाला येतो. त्यातल्या ३६ व्या कलमानुसार पकडलेल्या परदेशी माणसाने मागणी केली की त्याच्या दूतावासाला विनाविलंब कळवावं लागतं, आणि दूतावासाच्या अधिकाऱ्याला त्याला भेटता येतं. आपल्या महाराष्ट्राच्या कुलभूषण जाधव यांच्या खटल्यात १७ जुलै २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पाकिस्तानने हेच कलम मोडल्याचा निकाल दिला. त्यातला ‘मागणी केली की’ हा भाग कामगारांना कुणी सांगत नाही. घाबरलेला माणूस अरबीत लिहिलेल्या कागदावर सही करतो आणि मागणी करायची राहूनच जाते. भावाला एवढं पाठ करायला सांगा की ‘मला भारतीय दूतावासाशी बोलायचं आहे’ हे सही करण्याआधी म्हणायचं. परदेशांतल्या तुरुंगांत आज दहा हजारांहून जास्त भारतीय आहेत. त्यातल्या अनेकांच्या प्रकरणात पहिल्या दोन-तीन दिवसांत कुणी भेटलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती.

पैशाचा प्रश्न येतो तेव्हा २००९ पासून ‘भारतीय समुदाय कल्याण निधी’ आहे. परदेशातल्या दूतावासांत पासपोर्ट, व्हिसा वगैरे कामांसाठी जी फी घेतात, तिच्यावर एक छोटी रक्कम या निधीसाठी असते. म्हणजे हा पैसा मुख्यतः परदेशातल्या लोकांचाच, एकमेकांसाठी साठवलेला. त्यातून अडकलेल्यांचं राहणं-जेवण, परतीचं तिकीट, तातडीचे उपचार, वकिलाचा खर्च, मृतदेह पाठवण्याचा खर्च भागवता येतो. २०१७ मध्ये त्याचे नियम सैल केल्यावर खूप फरक पडला. त्याआधी साध्या दंडापायी माणसं महिनोन्‌महिने अडकून पडायची. पण हा निधी गरजू असल्याचं बघून दिला जातो, हक्क म्हणून नाही. अधिकारी कनवाळू असेल तर चार दिवसांत काम होतं, नसेल तर कागदावर कागद मागितले जातात. हे मी आतून बघितलंय.

ईसीआर पासपोर्टवाल्यांना ‘प्रवासी भारतीय बीमा योजना’ घ्यावीच लागते. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख. मंडणगडच्या त्या गवंड्याकडे हा विमा असता तर निदान त्याचा दावा तरी दाखल करता आला असता.

मृत्यूबद्दल लिहायला जड जातं, पण सांगायला हवं म्हणून लिहितो. आखातातून मयत घरी आणायला स्थानिक मृत्यू दाखला, पोलिसांचा कागद, मालकाची आणि घरच्यांची पत्रं, पासपोर्ट रद्द केल्याची नोंद, दूतावासाचं ना-हरकत, शव जतन केल्याचं प्रमाणपत्र अशी साखळी असते. यातली घरच्यांची पत्रं इथून जायची असतात आणि तीच अनेकदा रखडतात, कारण नावात फरक निघतो. पासपोर्टवर एक आडनाव, आधारवर दुसरं, बायकोचं नाव पासपोर्टवर चढवलेलंच नाही. तुमचा भाऊ विवाहित असेल तर निघण्याआधी बायकोचं नाव पासपोर्टवर घालून घ्या.

१२ जून २०२४ ला कुवेतच्या मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागली. ४५ भारतीय गेले. दोनच दिवसांनी हवाई दलाचं विमान ते मृतदेह घेऊन कोचीला उतरलं. विमानतळावर केरळ सरकारचे लोक आणि रुग्णवाहिका तयार होत्या. गेलेल्यांत केरळचे जास्त होते हे एक कारण, पण त्याहून मोठं कारण म्हणजे केरळकडे हे करणारं खातं आहे. ‘नॉर्का’ हा अनिवासी केरळी लोकांसाठीचा विभाग त्यांनी १९९६ मध्येच सुरू केला. आजारपणात मदत, परत आलेल्यांना धंद्यासाठी कर्ज, परदेशी काम करून आलेल्यांना पेन्शन, परदेशात हेल्पलाइन असं बरंच काही तिथे चालतं. महाराष्ट्रात अशी जुनी, रुळलेली यंत्रणा उभी राहिली नाही. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत २०२३-२४ मध्ये परदेशातून भारतात आलेल्या पैशात महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा, साधारण २०.५ टक्के होता. केरळचा त्याखालोखाल १९.७. म्हणजे पैसा आपल्याकडे केरळइतकाच येतो. खेड, महाड, श्रीवर्धन, मुरूडच्या गावांत शाळेची खोली, पाण्याची टाकी, मशिदीची दुरुस्ती गाववाल्यांच्या तिकडच्या वर्गणीतून होते हे आपण रोज बघतो. पण परतलेल्या खलाशाने, फिटरने, ड्रायव्हरने जिल्ह्याच्या ठिकाणी कुणाचं दार ठोठवायचं, याला उत्तर नाही. मला याचा मनापासून राग येतो.

तुम्ही सोहळ्यांबद्दल विचारलंत. ९ जानेवारी १९१५ ला गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून मुंबईला परतले, म्हणून त्या तारखेला २००३ पासून प्रवासी भारतीय दिवस होतो. २०१५ पासून मोठं अधिवेशन एक वर्षाआड भरतं. तो निरर्थक आहे असं मी म्हणणार नाही. पण तो कुणाशी बोलतो हे बघा. परराष्ट्र मंत्रालयाच्या हिशेबाने परदेशातले भारतीय आणि भारतीय वंशाचे लोक मिळून साडेतीन कोटींच्या घरात आहेत. त्यातले भारताचे नागरिक निम्म्याहून कमी, बाकीच्यांकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट. त्यांच्यासाठी ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्ड आहे, आजन्म व्हिसा आहे, पण मत नाही आणि शेतजमीन घेता येत नाही. गोव्यातल्या ज्या कुटुंबांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं त्यांचा सगळा गुंता इथेच आहे, कारण आपल्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं.

सरकारांना या लोकांची आठवण पैशाच्या अडचणीत प्रकर्षाने होते. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर निर्बंध आले तेव्हा ‘रिसर्जंट इंडिया बाँड’मधून ४ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम परदेशस्थ भारतीयांकडून उभी राहिली. दुसरीकडे १९९० मध्ये कुवेतवर हल्ला झाला तेव्हा सरकारने अम्मानवरून मुंबईला एअर इंडियाच्या ४८८ फेऱ्या करून पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं आणली. ती बहुतेक कष्टकरीच होती. येमेन, युक्रेन, सुदान, प्रत्येक वेळी आपलं सरकार धावून गेलंय. संकट मोठं आणि सगळ्यांना दिसणारं असलं की आपली यंत्रणा जगातल्या चांगल्या यंत्रणांत मोडते. एकट्या माणसाचं, तीन महिन्यांच्या बुडालेल्या पगाराचं संकट तिला दिसत नाही.

फिलिपिन्सने हा फरक आपल्याआधी ओळखला. १९९५ मध्ये सिंगापूरमध्ये फ्लोर कॉन्टेम्प्लासिओन या घरकामगार बाईला फाशी झाली. देशभर लोक रस्त्यावर उतरले आणि त्याच वर्षी स्थलांतरित कामगारांसाठी कायदा झाला. तिथे कामगार शिकलेला असो वा नसो, त्याचा करार परदेशातल्या त्यांच्या कामगार अधिकाऱ्याने तपासल्याशिवाय त्याला सोडत नाहीत. २०२१ मध्ये तर त्यांनी परदेशातल्या कामगारांसाठी वेगळं मंत्रालयच करायचं ठरवलं. आपल्याकडे २००४ मध्ये वेगळं मंत्रालय झालं होतं, ते २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयात मिसळून टाकलं. आपण इतकं कडक का होत नाही, याचं कारण मला तरी एकच दिसतं. आपण जास्त अटी घातल्या तर कंपन्या बांगलादेश, नेपाळ, पाकिस्तानकडे वळतील ही भीती. सप्टेंबर २०२० मध्ये करोनाच्या काळात आखातासाठीचा किमान पगार सरकारने स्वतःच खाली आणला होता, नोकऱ्या टिकाव्यात म्हणून. कामगार संघटना कोर्टात गेल्या, आणि २०२१ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला.

मताचं थोडक्यात सांगतो. २०१० च्या दुरुस्तीने अनिवासी नागरिकाला मताचा हक्क मिळाला. फॉर्म ६-ए भरून पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव घालता येतं. पण मतदानाच्या दिवशी मूळ पासपोर्ट घेऊन आपल्या केंद्रावर स्वतः यावं लागतं. २०२४ च्या लोकसभेला देशभरात १ लाख १९ हजारांच्या वर अशा मतदारांची नोंद होती, मत दिलं तीन हजारांहून कमी लोकांनी, आणि त्यातले बहुतेक केरळचे. प्रतिनिधीमार्फत मत देण्याचं विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत अडकलं आणि २०१९ मध्ये लोकसभेची मुदत संपल्यावर बाद झालं. फ्रान्सच्या कनिष्ठ सभागृहात परदेशातल्या नागरिकांसाठी ११ खासदार असतात. आपल्या कामगाराच्या मागे मत नाही, म्हणून त्याचा प्रश्न विधानसभेत उठत नाही. केरळमध्ये त्याचं घर मत देतं, आणि घरात त्याच्याबद्दल बोललं जातं, म्हणून तिथे उठतो.

आता तुमच्या भावाचं. एजंटचं नाव आणि नोंदणी क्रमांक ई-मायग्रेटवर शोधा. तिथे चालू परवान्याच्या एजंटांची यादी आहे आणि बेकायदा एजंटांचीही. कायद्याने एजंटला जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी घेता येतात. त्यावर मागत असेल, किंवा पैसे रोख द्या, पावती मिळणार नाही म्हणत असेल, तर तिथूनच परत या. परवाना नसताना भरतीचा धंदा करणाऱ्याला १९८३ च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड आहे. इतक्या कमी दंडाची भीती कुणालाच वाटत नाही, त्यामुळे पुढे पोलिसांत जाऊन पैसे वसूल होतील या भरवशावर राहू नका.

व्हिजिट व्हिसाला नाही म्हणा. कंपनीने एम्प्लॉयमेंट व्हिसा पाठवला तरच जायचं. ऑफर लेटरवर कंपनीचा सीआर नंबर, म्हणजे ओमानमधली व्यापारी नोंदणी, असायला हवी. कराराची अरबी प्रत मागून घ्या. तिथल्या कामगार खात्यात आणि कोर्टात तीच चालते. इंग्रजी प्रतीत १५० रियाल आणि अरबीत १०० असा प्रकार होतो. पोचल्यावर त्याने रेसिडेंट कार्डचा फोटो तुम्हाला पाठवावा. दूतावासाचा तातडीचा नंबर त्याच्याच नव्हे, तुमच्याही फोनमध्ये असू द्या. पगार दोन महिने थकला की तिसऱ्याची वाट न बघता ‘मदद’ या परराष्ट्र मंत्रालयाच्या पोर्टलवर तक्रार घाला. ती इथून, दापोलीतूनही करता येते. तक्रार क्रमांक मिळतो आणि ती बंद करताना दूतावासाला कारण लिहावं लागतं. एजंटला फोन करत बसण्यात जे आठवडे जातात, त्या वेळात माणसाचा व्हिसा संपतो आणि साधी पगाराची तक्रार बेकायदा राहण्याचं प्रकरण होऊन बसते.

ऑफर लेटर हातात आलं की त्याचा फोटो पाठवा. व्हिसाचं आणि कराराचं मी स्वतः वाचून सांगतो. तोवर एजंटला आगाऊ काही देऊ नका.